रात्री तिथे कोण असते?

गेल्या जून महिन्यात आमच्या गावातील एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. वय ७६. बारा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार. पण गोळ्या वेळेवर, मीठ बेताचे आणि प्रत्येक तपासणीची नोंद डायरीत. त्या दिवशी मात्र वरचा आकडा १७२ निघाला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, तरी १६८. गोळी चुकली का, गुडघ्यांसाठी परस्पर काही वेदनाशामक घेतले का, झोप लागते का, हे नेहमीचे प्रश्न विचारले. झोपेचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "डॉक्टर, नातवाने एक वर्ष वाया घालवायचे ठरवले आहे."

मुलगा बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. यंदा कुठेही प्रवेश घ्यायचा नाही, असे त्याने घरी जाहीर केले होते. त्याऐवजी भोर तालुक्यातील एका निवासी उपक्रमात तो वर्षभर राहणार होता. शेतात काम, गावात काम, वाचन, चर्चा आणि पुढे काय करायचे याचा विचार. "भात लावणार आहे म्हणे," सर म्हणाले. "माझ्या वडिलांनी मला शाळेत घातले, ते माझी भातलावणी सुटावी म्हणून."

तो उपक्रम माझ्या परिचयाचा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिथे मुलांची तपासणी करायला जातो. आता सहा वर्षे झाली. सरांना हे ठाऊक असल्यामुळेच ते माझ्याकडे मन मोकळे करीत होते. संस्थापक कोण, विश्वस्त कोण, शिकवणाऱ्यांच्या पदव्या काय, शुल्क किती, हे सारे त्यांनी मुख्याध्यापकाच्या काटेकोरपणाने विचारले आणि मी उत्तरे दिली. गोळीची मात्रा वाढवून मी चिठ्ठी हातात दिली. दारापर्यंत गेल्यावर ते वळले आणि त्यांनी विचारले, "आणि रात्री तिथे कोण असते?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला एकाही पालकाने विचारला नव्हता. मीही स्वतःला तो विचारला, तेव्हा उशीर झाला होता. त्याविषयीच आज लिहायचे आहे.

शिक्षणातून वर्षभर बाजूला होण्याची ही कल्पना आजी-आजोबांना परदेशी फॅड वाटते. ती तितकी परकी नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत आमच्या पिढीतील कितीतरी मुले मे महिन्याच्या उन्हात घाम गाळून आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' सुरू केले, त्यातून वर्षभर सामाजिक कामाला वाहून घेणारी मुले निघाली. जर्मनीत तर अशा स्वयंसेवी सामाजिक वर्षासाठी १९६४ पासून कायदा आहे. वर्षभर काम करणाऱ्या मुलाला त्यात २५ दिवसांची शिबिरे मिळावीच लागतात आणि त्याच्या पाठीशी मार्गदर्शक माणूस असावाच लागतो. नुसते काम देऊन मूल सोडून द्यायचे नाही, हे त्या कायद्याने मान्य केले आहे.

भोरच्या त्या जागी दरवर्षी २८ ते ३० मुले-मुली असतात, वय १८ ते २३. त्यांची छायाचित्रे माहितीपुस्तिकेत छापलेली असतात. चिखलात उभी, हसरी. त्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी लहान टाइपात, 'कर्मचारीवृंद : ९' एवढीच ओळ असते. त्या नऊ जणांतील काहींची ओळख करून देतो. नावे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी शेजारच्याच वाडीतल्या. शाळा चौथीपर्यंत. पण मुलांच्या प्रकृतीविषयी मला सर्वांत अचूक माहिती त्यांच्याकडून मिळते, कारण त्या ताटे पाहतात. चार वर्षांपूर्वी एका मुलीविषयी त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, ही पोर वाढून घेती सगळ्यांसारखं, पण भाकरी कुत्र्याला जाती. आन जेवणानंतर लगेच न्हाणीकडं पळती." माझ्या नोंदवहीत त्या मुलीपुढे मी 'किरकोळ रक्तक्षय' असे लिहून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मावशींनी सांगितले नसते, तर तिच्या खाण्याच्या विकाराचे निदान आणखी किती महिने लांबले असते, कोणास ठाऊक.

शेतीचे काम शिकवणारे दादा पावसाळ्यापूर्वीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना कुदळ देत नाहीत, मच्छरदाणी देतात. गादीखाली ती चारही बाजूंनी खोचून दाखवतात आणि दोन-तीन रात्री स्वतः कंदील घेऊन तपासतात. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि झोपेतला माणूस सकाळी उठत नाही. हे दादांना पुस्तकातून कळलेले नाही. साप चावला तर करकचून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. हातातली अंगठी-कडे काढायचे, अवयव हलू द्यायचा नाही, १०८ क्रमांकावर फोन करायचा आणि ज्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे तिथेच जायचे, हे त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतलेले असते. विंचवाची भीतीही या भागात खरी. वरंधा घाट उतरला की महाड, तिथेच डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले. कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी आज शिल्लक आहे, याची चौकशी दादा दर महिन्याला करतात. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नाही.

कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांचा निम्मा दिवस पालकांच्या फोनवर जातो. पालकांना मुलाशी बोलायचे असते आणि मुलाला पालकांशी बोलायचे नसते. या दोहोंच्या मध्ये हे बसलेले. "जेवतोय, झोपतोय, काल कबड्डी खेळला," एवढी तीन वाक्ये ते अशा स्वरात सांगतात की पलीकडची आई शांत होते. काही डॉक्टरांना हे आयुष्यभर जमत नाही.

आणि ताई. वय चौतीस. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या, मूळ कोल्हापूरकडच्या. मुलींच्या खोलीलगत त्यांची खोली. पण मुलेही मध्यरात्री त्यांचेच दार वाजवत. कुणाचा प्रेमभंग, कुणाच्या घरी बापाचे दारूचे भांडण, कुणाला नुसतीच भीती. रात्री तिथे कोण असते, याचे उत्तर पाच वर्षे ताई हेच होते. एकट्या ताई.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्यांचा मला रात्री दोन वाजता फोन आला. एकोणीस वर्षांचा एक मुलगा तीन रात्री झोपला नव्हता. तरी थकवा नाही; उलट अखंड बोलणे, मोठमोठ्या योजना, साऱ्या गावाला वीज मोफत देण्याचा बेत. बाकीच्या मुलांना तो उत्साह वाटत होता. पहिल्या दिवशी ताईंनाही वाटला. चौथ्या रात्री तो विहिरीच्या कठड्यावर उभा राहून भाषण करू लागला, तेव्हा त्यांनी दादांना उठवले आणि मला फोन लावला. मी सांगितले, वाद घालू नका, कोंडू नका, एकटे सोडू नका. गाडीच्या किल्ल्या आणि विळे-कोयते उचलून ठेवा. उजाडताच पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मुलगा सज्ञान होता, त्याच्या संमतीचा प्रश्न होता. ताई त्याच्याजवळ पायरीवर पहाटेपर्यंत बसल्या. साडेपाचला तो स्वतःहून म्हणाला, "तुम्ही येणार असाल तर येतो."

अनेक मानसिक आजार याच वयात प्रथम डोके वर काढतात. अभ्यास सांगतात की आयुष्यभरातील अशा आजारांपैकी तीन चतुर्थांश चोविशीच्या आत सुरू झालेले असतात. म्हणजे घर सोडून वर्षभर कुठेतरी राहायला जाण्याचे वय आणि आजार प्रथम दिसण्याचे वय एकच. तो उपक्रमामुळे होत नाही. पण उपक्रमात कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो. त्या मुलाचे निदान लवकर झाले, औषधे सुरू झाली, पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात गेला. त्याच्या आईवडिलांनी प्रथम संस्थेवर आरोप केले, नंतर पत्र लिहून आभारही मानले. दोन्ही मी समजू शकतो.

न समजण्यासारखी गोष्ट माझी आहे. त्यानंतरच्या चार रविवारी मी तिथे गेलो. सगळ्या मुलांची वजने घेतली, रक्तदाब पाहिले, झोपेची चौकशी केली. ताई माझ्या शेजारी बसून नोंदी लिहीत होत्या. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मी पाहिली नाहीत, असे म्हणणार नाही. पाहिली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. मार्च महिन्यात त्या माझ्या दवाखान्यात रुग्ण म्हणून आल्या. सहा किलो वजन कमी झालेले, छातीत धडधड, दार वाजल्याचा भास होऊन रात्री तीनला जाग आणि नंतर झोप नाही. थायरॉईड, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख, सगळे व्यवस्थित. राजीनामा त्यांनी आधीच दिला होता. "मुलांचा राग यायला लागला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "कुणी रडायला लागलं की मला घड्याळ दिसतं." आणि मग त्या स्वतःच रडल्या.

या अवस्थेचे वर्णन अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये केले. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात तरुण रुग्णांसाठी रात्र-रात्र राबणारे कार्यकर्ते त्यांनी पाहिले होते आणि त्या कार्यकर्त्यांत ते स्वतःही होते. सर्वांत झोकून देणारी माणसेच आधी विझतात, हे त्यांना दिसले. बर्नआउट हा शब्द आता संगणक कंपन्यांतील लोक सर्रास वापरतात; त्याचा जन्म मात्र तरुणांची सेवा करणाऱ्यांच्या थकव्यातून झाला. अंथरुणाला खिळलेल्या पतीची किंवा सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या वाचक भगिनींना 'दार वाजल्याचा भास' म्हणजे काय, हे मी सांगायला नको. चिडचिड, अपराधी वाटणे, आवडत्या माणसाविषयीच येणारा कोरडेपणा, ही लक्षणे घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, तर तुम्ही स्वार्थी ठरत नाही. रुग्णाला तपासून झाल्यावर डॉक्टर निघाले की त्यांना थांबवा आणि "आता माझे पाहा" असे सांगा. माझ्यासारखे डॉक्टर स्वतःहून थांबतीलच, असे नाही. मन बोलून दाखवायला घरात कोणी नसेल, तर १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.

ताई परत आल्या नाहीत. आता कोल्हापुरात एका ग्रंथालयात काम करतात आणि झोपतात, असे त्यांनी दिवाळीत कळवले. त्यांच्या जागी मी विश्वस्तांकडे दोन माणसांची मागणी केली. पैशाची अडचण सांगण्यात आली, जी खरीही होती. शेवटी पुस्तिकेच्या रंगीत छपाईचा खर्च वगळून आणि दोन मुले कमी घेऊन जमवले. आता रात्रपाळी आलटूनपालटून असते. जिची रात्र नाही, तिच्या खोलीचे दार वाजवायचे नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. महिन्यातून सलग तीन दिवस प्रत्येकाने आवाराबाहेर राहायचे, फोन बंद ठेवून. आणि रविवारी मी आधी त्या नऊ जणांना, आता दहा, तपासतो, नंतर मुलांना.

सरांना हे सगळे मी दवाखान्यात उभ्या उभ्या सांगितले नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी त्यांना गाडीत घेतले. वाटेत पाऊस होता, ते फारसे बोलले नाहीत. पोचलो तेव्हा नातू गुडघाभर चिखलात होता. आजोबांना पाहून त्याने लांबूनच हात हलवला आणि पुन्हा वाकला. सरांनी बांधावर उभे राहून थोडा वेळ पाहिले. "रोपे फार दाट लावतोय," एवढेच म्हणाले आणि दादांना जाऊन ते सांगून आले.

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मावशी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या, समोर भली मोठी परात. मी पट्टा काढला तशी त्या म्हणाल्या, "आज नको डॉक्टर, तीस माणसांचं बिरडं व्हायचंय." गेल्या महिन्यात त्यांचा रक्तदाब १६० च्या पुढे होता आणि गोळ्यांची पट्टी अर्धीच संपली होती. मी दारातच घुटमळलो. सरांनी कोपऱ्यातला पाट ओढला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले आणि परात स्वतःकडे सरकवली.

"तुम्ही हात पुढे करा बाई," ते म्हणाले. "डाळिंब्या मी सोलतो."