दोन कार्यक्रमांच्या मधली गिटार

आमच्या पिढीच्या कानावर गिटार पहिल्यांदा पडली ती मोकळी जागा भरून काढायला म्हणून. विविध भारतीवरचा एखादा कार्यक्रम दीड-दोन मिनिटं आधी संपायचा, निवेदक गप्प व्हायचा आणि कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याची धून गिटारवर सुरू व्हायची. अंतऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच आवाज बारीक होत जायचा, कारण बातम्यांची वेळ झालेली असायची. कुणी वाजवली, हे कुणी सांगत नसे. नंदुरबारला काय, शहाद्याला काय, नवापूरला काय, ज्या घरात रेडिओ होता त्या घरात ही अर्धवट धून रोज यायची आणि नाव न सांगता निघून जायची. आम्ही मात्र त्या दीड मिनिटासाठी हातातलं काम थांबवायचो.

आज गिटारला कुणाच्या शिल्लक वेळेची वाट पाहावी लागत नाही. ग्रँट ग्रीन या अमेरिकन गिटारवादकाचं नाव फोनवर नुसतं बोललं तरी त्याचं आयुष्यभराचं वादन समोर येतं. १९६३ साली त्याने ब्लू नोट कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली ‘आयडल मोमेंट्स’ ही एकच रचना जवळजवळ पंधरा मिनिटांची आहे. ती एवढी लांबली त्याचं कारणही आता वाचायला मिळतं. आवर्तन सोळा मात्रापट्ट्यांचं धरायचं की बत्तीसचं, याबद्दल वादकांची गफलत झाली आणि प्रत्येक जण ठरल्यापेक्षा दुप्पट वाजवत राहिला. वादन इतकं सुंदर झालं होतं, की ते तसंच ठेवलं गेलं. कुठे आमची दीड मिनिटाची धून आणि कुठे ही पंधरा मिनिटं! गिटार एवढा वेळ निवांत बोलू शकते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा आम्हाला ठाऊक होती ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. तारेवरून पोलादी कांडी सरकायची आणि सुरांमधून मींड निघायची, म्हणून ती आपलीच वाटायची. व्हॅन शिपली यांच्या तबकड्यांवर त्यांचं नाव छापलेलं असे, कारण तिथे गिटारच गात होती. पण गाणारा माणूस आला, की गिटारवाल्याचं नाव पुसलं जाई. ‘दम मारो दम’ १९७१ सालचं, ‘चुरा लिया है तुमने’ १९७३ सालचं. दोन्ही गाण्यांतले गिटारचे सुरुवातीचे सूर आम्हाला तोंडपाठ होते. गाण्याआधी तेच गुणगुणायचो. तबकडीवर मात्र गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. गिटारवर कोण? पानाच्या टपरीवर यावरून वाद रंगायचे. एक म्हणायचा, स्वतः संगीतकार पंचमच वाजवतो. दुसरा म्हणायचा, कुणीतरी गोव्याचा आहे. खरं-खोटं करायला कुणाकडेच काही नव्हतं, त्यामुळे वाद उद्यावर जायचा.

तो वाद आज अर्ध्या मिनिटात मिटतो. गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच ते गझल गाणारे, २०२२ च्या जुलैत गेले ते. भानू गुप्तांचं नाव मिळतं, रमेश अय्यर यांचं मिळतं. स्टुडिओच्या काचेआड आयुष्य काढलेल्या वादकांवर आता पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत. हे फार चांगलं झालं. ज्यांच्या बोटांवर आमचं तारुण्य तोललेलं होतं त्यांचं नाव घेता येणं, ही साधी माणुसकीची गोष्ट होती आणि आमच्या त्या सोनेरी म्हणवल्या जाणाऱ्या काळाने ती पाळली नाही. जुन्या काळाबद्दल हळवं होताना हे आधी कबूल करायला हवं. टपरीवरच्या वादाची हुरहुर लागते ती आम्हाला, कारण त्यात आमचं काहीच जात नव्हतं. जात होतं ते वाजवणाऱ्याचं.

मग कॅसेट आली आणि ‘गाणी भरून घेणं’ हा एक विधीच सुरू झाला. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची. ती करताना साठ मिनिटांची कॅसेट घ्यायची की नव्वदची यावर भावंडांत चर्चा, कारण नव्वदची फीत पातळ असते आणि टेपमध्ये अडकते, असं सगळेच सांगायचे. एका बाजूला किती गाणी बसतील याचा हिशेब लावायचा. शेवटी तीनेक मिनिटं उरली, की दुकानदार विचारायचा, ‘इथे काय टाकू?’ आणि आमच्यातला कुणीतरी म्हणायचा, ‘गिटारचं काहीतरी टाका.’ म्हणजे पुन्हा गिटारच्या वाट्याला उरलेलीच जागा! पण ती उरलेली जागा आम्ही मागून घेतलेली होती. कॅसेट मिळायला दोन-चार दिवस लागत. मिळाली की पाठीमागची प्लास्टिकची चीप मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जायचं नाही. मग आतल्या कागदावर सुवाच्य अक्षरात नावं लिहायची. गिटारच्या तुकड्यासमोर नुसतं ‘धून’ एवढंच लिहिलेलं असे.

ज्यांचं कुणी सुरतेला कामाला होतं त्यांची चंगळ होती. तापी खोऱ्याची ती सुरत–भुसावळ रेल्वे आमच्यासाठी नुसती गाडी नव्हती. संध्याकाळच्या गाडीने कापडाच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत गुंडाळून नवी कॅसेट यायची, आणि ती पहिल्यांदा वाजायची ती एकट्यासाठी कधीच नाही. ओटीवर टेप ठेवायचा, शेजारची पोरं पायरीवर, बायका दारात, आणि घरातला मोठा माणूस बटण दाबणार. पुढे-मागे करायची कुणाला मुभा नसे. फीत उलटसुलट फिरवली की ताणली जाते, म्हणून नावडतं गाणंही सगळ्यांनी पूर्ण ऐकायचं. नावडत्या गाण्यातही मध्येच गिटारचा एखादा तुकडा निघायचा आणि त्यासाठी ते गाणं हळूहळू आवडू लागायचं. अशी किती गाणी आमच्यात मुरली, केवळ त्यांना ओलांडून पुढे जाता येत नव्हतं म्हणून.

आता पोरं पंधरा सेकंदांत ठरवतात आणि पुढे जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, समोर एवढं ताट वाढलेलं असताना आम्हीही तेच केलं असतं, आणि आता करतोच. शिवाय त्यांच्यातली कितीतरी जण गिटार नुसती ऐकत नाहीत, वाजवतात. आमच्या वेळी गिटार शिकायची म्हटलं तर गुरू शोधत मुंबई-पुणं गाठावं लागे. आज शहाद्याचा कॉलेजातला मुलगा फोन भिंतीला टेकवून ठेवतो, वेग निम्मा करतो आणि वेस माँटगोमरीचा अंगठा कसा पडतो ते पाहून घेतो. वेस नखीऐवजी अंगठ्याने वाजवायचा, म्हणून त्याचा सूर असा गोलसर, उबदार. हे डोळ्यांनी बघायला मिळणं हा केवढा ठेवा! आम्हाला बघायला काहीच नव्हतं.

‘आम्ही’ म्हणताना मात्र थांबायला हवं. आम्ही म्हणजे कोण? ज्यांच्या घरी रेडिओ होता, वीज होती, ओटी होती ते. सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वीज पोचायला आमच्यानंतर कितीतरी वर्षं गेली. नर्मदेकाठची मणिबेलीसारखी गावं तर धरणाच्या पाण्याखाली गेली. तिथल्या आमच्या वयाच्या माणसाला आमची ही कॅसेटपुराणं सांगून काय उपयोग? पण त्यांच्याकडे संगीताची वाणही नव्हती. काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल घुमायचा, अजून घुमतो. फुंकून वाजवायच्या पावरीचा तो खोल, घोगरा सूर डोंगर चढून यायचा. त्यांचं संगीत कुणाच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये नव्हतं, तोच कार्यक्रम होता. खाली सपाटीवर आम्ही रेडिओच्या तुकड्यासाठी कान टवकारत होतो आणि दोन तासांवरच्या डोंगरात अख्खी रात्र वाजत होती. तिकडे आमचे कान वळले नाहीत, ही आमच्या त्या सुरेल दिवसांची दुसरी बाजू.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं ब्लूज ऐकायला लागलो तेव्हा हे अधिक बोचलं. शेतमजुरांच्या, गुलामगिरीतून आलेल्यांच्या पोटातलं ते गाणं. त्यातली गिटार सूर जरासा खेचते, पट्टीच्या दोन स्वरांच्या मधे कुठेतरी नेऊन ठेवते आणि तिथेच कळ उमटते. त्यात चर्चमधल्या ऑर्गनचा भरदार आवाज आणि पाय हलवायला लावणारा ठेका मिसळला, की त्याला सोल-जॅझ म्हणतात. ग्रँट ग्रीन हा त्यातला राजा माणूस. एका वेळी एकच सूर, स्वच्छ, गवयासारखा. हे संगीत पन्नास-साठच्या दशकांत तिकडे हॉटेलांत, गल्लीबोळांतल्या क्लबांत वाजत होतं आणि आपल्याकडे मुंबईतही त्याचे पडसाद होते. १९७८ साली मुंबईत रंगभवनला पहिली जॅझ यात्रा भरली. नंदुरबारहून मुंबईला रात्रभराचा प्रवास, पण त्या यात्रेची बातमी आमच्यापर्यंत आलीच नाही.

आणि आली नाही ती अमान्सिओ डिसिल्वाचीही. १९३६ साली मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला हा गिटारवाला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेला. १९६९ साली त्याची ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. त्यात ‘गँजेस’ आहे, ‘जयपूर’ आहे, ‘महाराणी’ आहे. त्याच वर्षी जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवाल्याबरोबर त्याने दुसरी तबकडी केली, तिचं नाव ‘हम दोनो’. आमच्या मनात ‘हम दोनो’ म्हणजे देव आनंद, १९६१ सालचा. आमचा मनुष्य लंडनमध्ये त्याच नावाची तबकडी करतो आणि तिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना वाजवतो, आणि आम्ही इथे दीड मिनिटाच्या धुनीवर समाधानी! त्याची गिटार ऐकताना पहिल्यांदा वाटतं, हा माणूस जॅझ बोलतोय. मग एखादी हरकत अशी येते, की हा आपल्या बोलीतून बोलतोय हे कळतं. सतारीची नक्कल तो करत नाही. सूर जिथे वळायला हवा तिथे तो आपोआप आपल्याकडे वळतो. ‘कोकण डान्स’ हे त्याचं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं ध्वनिमुद्रण तर तसंच पडून राहिलं. ते प्रसिद्ध झालं २००६ साली. तो १९९६ मध्येच गेला होता.

जुना काळ बरा होता, असं हे सगळं माहीत असताना कोण म्हणेल? जो काळ ‘कोकण डान्स’ डब्यात ठेवतो, भूपिंदरचं नाव छापत नाही, पावरीला संगीत मानत नाही, त्याचे गोडवे आम्ही कसे गावे? आमची एकाग्रता ही बरीचशी आमची गरिबी होती. दहाच गाणी होती म्हणून ती दहा पाठ होती.

तरीही काहीतरी गेलं आहे, आणि ते मान्य केल्यावाचून राहवत नाही. ओटीवरचा तो टेप सगळ्यांचा होता. ऐकणारा एक आणि बाकीचे शांत, असं कधी नव्हतं. गिटारचा तुकडा आला की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, त्यालाही ते पोचलं का म्हणून. आज घरात चार माणसं, चार कानांत चार गाणी. कुणाला काय आवडलं हे एकमेकांना कळत नाही, तर वाद कुठून व्हायचा? दारावरून जाणारा माणूस आवाज ऐकून थबकायचा आणि विचारायचा, ‘कोण वाजवतंय, भाऊ?’ आणि तेव्हा आम्हाला सांगता येत नसे. आता सांगता येतं, तर विचारायला कुणी थबकत नाही.

म्हणून हल्ली आम्ही काहीजण संध्याकाळी इयरफोन काढून ठेवतो. फोन स्पीकरला जोडतो, खिडक्या उघडतो आणि ‘बॅलड फॉर गोवा’ मोठ्याने लावतो. मध्येच पुढे ढकलत नाही. घरातल्यांची सुरुवातीला कुरकुर होते, मग भाजी निवडता निवडता कुणीतरी ठेका धरतं. परवा समोरच्या दुकानातला पोऱ्या रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, ‘काका, हे कोण वाजवतंय?’ आम्ही त्याला नाव सांगितलं, मुंबईचा म्हणून सांगितलं, गोव्याचा म्हणून सांगितलं, ‘कोकण डान्स’ची गोष्ट सांगितली. त्याने फोन काढला आणि विचारलं, ‘डिसिल्वाच्या आधी काय लिहायचं?’ आम्ही अक्षर अक्षर सांगत गेलो.