ऋण हे रूपक नव्हे

देहूवरून आलेली इंद्रायणी चिखलीच्या कडेने आळंदीकडे जाते. चिखलीतल्या एका भाड्याच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या आग्रहावरून, आम्ही एका रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेस बसलो होतो. आम्ही ख्रिस्ती नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आम्हांला ठाऊक होती ती वर्गात शिकवण्यापुरती. ऋणमुक्तीच्या ओळीपाशी आमच्या शेजाऱ्याचा आवाज अडला. कारखान्यातले कंत्राट संपल्यापासून त्याचे कर्जाचे हप्ते थकले आहेत. वर्गात मात्र 'ऋण म्हणजे पाप, हे रूपक आहे' असे सांगून आम्ही वर्षानुवर्षे पुढे जात आलो होतो.

घरी येऊन मत्तय पुन्हा उघडला. तिथला मूळ ग्रीक शब्द कर्जाचाच आहे आणि मराठी भाषांतरानेही 'ऋण' राखले आहे. लूकच्या पाठात देवाकडे पापांची क्षमा मागितली जाते. पण माणसाने ज्याला सोडायचे, तो तिथेही ऋणकोच आहे. ही प्रार्थना प्रथम ऐकणारे गालीलकर रोमच्या मांडलिकाच्या अमलाखाली जगत होते. रोजची भाकरी आणि डोक्यावरचे देणे हे त्यांच्या लेखी अलंकार नव्हते.

आपल्याकडे तरी कुठे होते? इंग्रजी अमलात सारा रोख भरावा लागे, रोखीसाठी सावकार गाठावा लागे आणि सावकाराच्या कागदामागे सरकारचे कोर्ट उभे असे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन रोखे जाळले. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याच अहमदनगरात अमेरिकन मिशन १८३१ पासून काम करीत होते. ही प्रार्थना आपल्या मुलखात साम्राज्याच्या सावलीत रुजली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या सावलीला न मानणारा एक शब्द ती सोबत घेऊन आली होती, हेही तितकेच खरे.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो. हा पूल भक्तीचा, असेच आम्ही समजत होतो. पण तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्या पुलाची एक कमान या कर्जखतांवरही उभी असावी, असे आता वाटते.

शेजाऱ्याचे हप्ते अजून थकलेलेच आहेत. प्रार्थनेने ते फिटले नाहीत. वर्गात 'रूपक' हा शब्द मात्र आम्ही आता पूर्वीच्या घाईने उच्चारीत नाही.