पाणी किती फुटांवर?

पावसाळ्यात कोल्हापूरकर आधी पाणी विचारतो, मग तब्येत. 'किती फूट?' एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं, विचारणा पंचगंगेची आहे आणि माप राजाराम बंधाऱ्यावरचं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आम्ही कसबा बावड्याचे, म्हणजे बंधारा आमच्याच हद्दीतला. माझ्या वडिलांना, आबांना, हा आकडा दुसऱ्याकडून ऐकायची वेळ कधी आलीच नव्हती. छत्री घ्यायची, चालत जायचं, पाणी कुठवर चढलंय ते बघून यायचं.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. शियेकडे जाणारा रस्ता बुडाला, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. त्या दिवसांत प्रशासनाकडून येणारे पाणीपातळीचे आकडे मोबाईलवर सतत फिरत होते: बंधाऱ्यावर इतके फूट, इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे इतके उघडले. आबांचे गुडघे तोवर दमले होते आणि त्यांच्याजवळ फोन होता तो बटणांचा. आकडा कळायला सुनेच्या, नातीच्या, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागे. जन्मभर स्वतः जाऊन पाणी बघितलेल्या माणसाला ते सोसवेना. दुसरा महापूर ओसरला आणि त्यांनी सांगून टाकलं, 'मला बी तसला फोन पायजे.'

म्हाताऱ्या माणसांना फोन हवा असतो तो लांबच्या लेकरांचं तोंड बघायला, असं आपण धरून चालतो. तेही असतंच. पण त्याच्या आत आणखी एक गरज असते आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी कुणाची तरी मनधरणी करणं त्यांना नको झालेलं असतं. शिकवणाऱ्याला ही गरज दिसली नाही, तर तो प्रेमापोटीच तिच्यावर पाय देतो. 'द्या इकडे, मी करून देतो' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. काम होतं, शिकणं तिथंच थांबतं.

आबा राजाराम कारखान्यात पॅनमन होते. साखर कारखान्याबाहेर हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून थोडं सांगायला हवं. उसाचा रस शुद्ध करून, आटवून झाला की तो पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचं बंद भांडं. आतली हवा खेचलेली असते, त्यामुळे पाक कमी उष्णतेला उकळतो आणि करपत नाही. दाणा धरतो तो इथं. पॅनमन मधूनमधून नमुना काढतो, काचेच्या तुकड्यावर पसरतो, दिव्यासमोर धरतो, चिमटीत चोळून बघतो. दाणा सारखा वाढतोय का, मधेच बारीक चुरा उठलाय का, हे त्याला त्या एका थेंबात दिसावं लागतं. नको तेव्हा उठलेल्या त्या चुऱ्याला 'फॉल्स ग्रेन' म्हणतात. तो वेळीच पाणी देऊन विरघळवला नाही, तर अख्ख्या पॅनची साखर बिघडते. आबांनी हे काम गळिताच्या हंगामामागून हंगाम, रात्रपाळ्या धरून केलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय. पण बघितल्याशिवाय आणि चोळल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे शिक्षण त्यांच्या बोटांत आहे.

आणि नेमकी तीच बोटं नव्या फोनला कळेनात. या पडद्याला दाब लागत नाही, कातडीतून वाहणारा अगदी सूक्ष्म विद्युतभार लागतो. वयानं कातडी कोरडी पडली की तो नीट पोचत नाही. मग माणूस जोर लावतो, बोट जास्त वेळ टेकवतो, आणि फोन समजतो की यांना काहीतरी वेगळंच हवंय. आबांनी मेसेज उघडायला जावं आणि तो खोडायचा की पुढं पाठवायचा असं फोननं विचारावं, असं सारखं व्हायचं. 'मला जमत न्हाई' असं ते म्हणत. खरं तर न जमणारं जे काही होतं ते यंत्राच्या बाजूचं होतं. किती वेळ बोट टेकलं म्हणजे 'धरून ठेवलं' समजायचं, हे सेटिंगमध्ये वाढवता येतं. ते वाढवलं, अक्षरं मोठी केली आणि निम्मी अडचण गेली. फोन विकत घेताना दुकानात ही दोन कामं कुणी करून देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उरलेलं श्रेय माझ्या मुलीचं. शिकवताना ती दोन्ही हात पाठीमागं बांधून बसायची. आबा अडकले तरी फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडानं सांगायचं, असा तिचा नेम होता. 'आबा, डावीकडं वर बघा. बाण दिसतोय न्हवं? त्याच्यावर हळूच टेकवा.' वेळ लागायचा. कधी आबा चिडून फोन पालथा टाकायचे आणि चहा घेऊन पुन्हा उचलायचे.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बंधाऱ्याचा म्हणून एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. पाणी भयंकर होतं. घरात धावपळ सुरू झाली, खालच्या खोलीतलं धान्य वर न्यायचं ठरलं. आबांनी तो पुन्हा पुन्हा लावला, थांबवून थांबवून बघितला आणि म्हणाले, 'ह्यो बंधारा आपला न्हवं. आपल्याकडं त्या अंगाला झाडं हाईत, हितं कुठं दिसत्यात? फॉल्स ग्रेन हाय ह्यो.' मग अधिकृत आकडा उघडून त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पाणी इशाऱ्याच्या पातळीच्याही खाली होतं. जुने किंवा भलत्याच ठिकाणचे व्हिडिओ नव्या पुराच्या नावानं फिरतात, हे ठाऊक सगळ्यांनाच असतं. थांबवून बघतो कोण? आपण त्यांना बटणं शिकवतो. पण बघावं कसं, हे त्यांच्याकडून शिकायला घरात कुणी बसलेलं नसतं.

हयातीच्या दाखल्याची गोष्ट वेगळी आणि जास्त लागणारी. आबांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची. रक्कम थोडी, पण तिच्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सरकारी सोय २०१४ च्या नोव्हेंबरात आली, तेव्हापासून अंगठ्याच्या ठशावर दाखला मिळू लागला. चांगली सोय, फक्त ज्यांचं आयुष्य गरम पाक, वाफ आणि चुना यांत गेलं, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. एका केंद्रावर आबांचा अंगठा काही केल्या उठेना. पुसून झाला, दुसरं बोट झालं, दुसरा हात झाला. रांग मागं खोळंबली होती. ज्या हातांनी पोत्यांवर पोती साखर दिली, ते हात यंत्राला ओळखीचे वाटत नव्हते. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. आता आबा उजेडाकडं तोंड करून खुर्चीत बसतात, फोन स्वतः समोर धरतात, ॲप सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडतात. दाखला घरातच मिळतो.

शिकायचं वय किती, यावर सरकारी उत्तर आमच्या उपयोगाचं नव्हतं. २०१७ मध्ये देशभर सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट १४ ते ६० होती. बावडा महापालिकेत आणि आबा साठीपार, म्हणजे दोन्हीकडून बाहेर. त्याच्या आदल्याच वर्षी, ८ मार्च २०१६ ला, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा काढली होती. तिथं साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारीत, दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. एका ठिकाणी दार साठीला बंद होतं, दुसऱ्या ठिकाणी साठीला उघडतं. ज्या बावड्यात शाहू महाराज जन्मले आणि ज्या संस्थानानं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं म्हाताऱ्यांसाठी असा एखादा वर्ग वॉर्डावॉर्डात हवा, असं मला कळकळीनं वाटतं. शाळेच्या खोल्या संध्याकाळी मोकळ्याच असतात.

पैशांचं मात्र आबांनी अजून घेतलेलं नाही. यूपीआयसाठी मी आग्रह करत नाही. पैसे यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि फसवणूक झाली तर फिरवायचा १९३० हा नंबर कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलाय. अडलंय दुसरीकडंच. नातीनं वहीत त्यांना आकृती काढून दिली: आपली बँक, मधली यंत्रणा, समोरच्याची बँक. आबांनी ती नीट बघितली, बाणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'आकडा चुकून पैसं दुसऱ्याच्या खात्यावर गेलं, आणि त्यो देतो म्हणंना, तर परत आणून कोण देणार?'

घरात कुणालाच त्यांचं समाधान होईल असं उत्तर देता आलं नाही. सोमवारी आबा आणि नात मिळून बँकेत विचारायला जाणार आहेत.