रुजू

सरकारी चाकरीत ज्यांची उमर गेली त्यांना ‘रुजू’ या शब्दाचा अर्थ सांगण्याचे प्रयोजन नाही. बदलीचा हुकूम हाती पडतो, सामान पेट्यांत जाते, पदग्रहणाची मुदत संपत येते आणि एके दिवशी सकाळी माणूस अनोळखी गावच्या कचेरीत जाऊन रुजू होतो. तसे तो लिहून देतो. आणि त्या कागदावर वरिष्ठांची सही होईपर्यंत तो धड इकडचा नसतो, धड तिकडचाही नसतो. आमच्या वाट्याला हा शब्द इतक्या वेळा आला आहे की त्याच्या कुळाची चौकशी करावी असे कधी मनातही आले नाही. ती चौकशी घडली दिल्लीतील एका कब्रस्तानाच्या फाटकाशी, आणि तीही न मागता.

आमचे एक स्नेही होते. दापोलीकडचे कोकणी मुसलमान; कचेरीत अकरा वर्षे आमच्या शेजारच्या खोलीत बसत. ईदेला त्यांच्या घरून सांदणे येत, दिवाळीला आमच्या घरून अनारसे जात. दिल्लीत मराठी बोलायला मिळावे म्हणून दुपारच्या चहाला ते आमच्याकडे येत आणि बहुधा रत्नागिरीच्या थिबा राजाचा विषय काढीत. ब्रह्मदेशाचा राजा १८८५ साली पदच्युत होऊन आमच्या जिल्ह्यात आला आणि १९१६ साली तिथेच वारला; दिल्लीचा बादशहा रंगूनला नेला आणि १८६२ साली तिथे वारला. “इंग्रजांनी दोन राजांची अदलाबदल केली, बदलीचा भत्ता मात्र कुणालाच दिला नाही,” असे म्हणून ते स्वतःच हसत.

ज्येष्ठातील एका पहाटे ते गेले. हृदयविकार, दवाखान्यात नेण्याइतकीही सवड मिळाली नाही. सेवापुस्तकात ‘स्वग्राम’ या रकान्यापुढे त्यांनी दापोली तालुक्यातील एका खेड्याचे नाव घातले होते. दर दोन वर्षांनी त्याच नावावर प्रवासाची सवलत घेत. आम्हांला वाटले, देह गावी न्यायचा असणार. विमानाची चौकशीही आम्ही सुरू केली. तोच त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला: थांबू नका, ठेवू नका, जिथे गेले तिथेच माती द्या. दफनास विलंब करू नये असा त्यांच्या धर्माचा दंडक आहे. दुपारची नमाज होते न होते तोच सारे आटोपले. भाऊ दुसऱ्या दिवशी पोहोचला.

आमचे वडील वारले तेव्हा आम्ही गुवाहाटीस होतो. घरी पाऊल ठेवले तेव्हा अस्थिसंचय चालला होता. दूरदेशी राहणाऱ्या माणसाला मुखदर्शन मिळतेच असे नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे ते सांगायला नको. तरी आमच्या हाती गोदावरीत सोडण्यापुरते काही उरले होते.

त्या दुपारी आम्ही कचेरीतली पाचसहा माणसे भिंतीलगतच्या कडुनिंबाखाली उभी होतो. ही नमाज उभ्यानेच होते. कमरेत वाकणे नाही, भुईला कपाळ टेकणे नाही. चार वेळा देवाच्या थोरवीचा उच्चार, आणि संपली. तिच्याआधी अजानही होत नाही. मूल जन्मते तेव्हा त्याच्या कानात अजान म्हणतात. त्या अजानीची नमाज ती हीच, मधला अवकाश तेवढे आयुष्य, असे मुसलमानांत बोलले जाते. मग देह उजव्या कुशीवर, मुख पश्चिमेकडे, म्हणजे मक्केकडे. त्यासाठी खड्डा दक्षिणोत्तर खणावा लागतो, डोके उत्तरेस, पाय दक्षिणेस. दक्षिणेकडे पाय करून निजू नये म्हणून लहानपणी आजीने आम्हांला किती वेळा फिरवून निजवले होते, ते तेवढ्यात आठवून गेले. शेवटी प्रत्येकाने तीन मुठी माती लोटली. त्या वेळी जे म्हणतात त्याचा आशय असा की मातीतून घडविले, मातीत परत नेतो, मातीतूनच पुन्हा काढू.

बाहेर पडताना फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. पूर्वी कुठल्याशा दप्तरात मुनशी होते. मृत्यूची वार्ता कानी पडली की मुसलमान माणूस जे अरबी वाक्य उच्चारतो त्याविषयी आम्ही त्यांना विचारले. ते कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील आहे. आपण देवाच्या मालकीचे आणि त्याच्याकडेच परत जाणारे, असा त्याचा भाव. मृत्यूच कशाला, पुष्कळ भाविक लहानसहान वस्तू हरवली तरी तेच वाक्य म्हणतात. त्यातील अखेरचा शब्द ‘राजिऊन’, परत जाणारे. “तुमच्या मराठी कचेऱ्यांत कामावर ‘रुजू’ होतात ना?” मुनशीजींनी विचारले, “तो हाच. रुजूअ. परत फिरणे.” फारसीच्या बोटाला धरून हा शब्द आमच्या दप्तरांत शिरला, त्याला ‘रुजवात’ नावाचे भावंडही झाले, आणि त्याचा मूळ अर्थ आम्ही वाटेत कुठेतरी ठेवून आलो.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीकडे कचेरीच्या डोळ्यांनीच पाहत आलो आहो, आणि मौज अशी की ती त्या डोळ्यांना फार स्पष्ट दिसते. आपल्याकडे चित्रगुप्त एकटा. सर्व जगाचा हिशेब त्याच्या एका वहीत. इकडे माणशी दोन लेखनिक नेमलेले. उजवीकडचा सत्कृत्ये टिपतो, डावीकडचा दुष्कृत्ये. कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन देवदूत येऊन पहिली तपासणी करतात: तुझा पालनकर्ता कोण, धर्म कोणता, प्रेषित कोण. त्यापुढे ‘बरज़ख’, म्हणजे मधला पडदा, कयामतीपर्यंतचा थांबा. मग इस्राफिलाचे शिंग वाजते, सारी कुळे एका मैदानात उभी राहतात आणि प्रत्येकाची नस्ती त्याच्याच हाती दिली जाते, उजव्या नाही तर डाव्या. ती ज्याची त्याने वाचायची. आयुष्यभर आम्ही दुसऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिले, आमचे दुसऱ्यांनी लिहिले. पण त्या दिवशी तोंडावर मोहोर बसते आणि साक्ष देतात ते आपलेच हातपाय, हे वाचल्यावर सही करणाऱ्या हाताकडे आम्ही काही काळ वेगळ्या नजरेने पाहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आपल्या मनाची घडण निराळी. चौऱ्यांशी लक्ष योनी म्हणजे बदलीमागून बदली. या ठाण्यावर बिघडले ते पुढच्या ठाण्यावर सुधारता येईल, आणि कधीतरी पुढे सुटका. तिकडे नेमणूक एकच, कारकीर्द एकच, आणि नंतर रुजू. हा विचार आम्हांस भयंकर वाटतो. पण ज्याने पाठविले त्याच्याकडेच जायचे आहे, अनोळखी गावी नव्हे, या त्याच्या दुसऱ्या बाजूचा, खरे सांगायचे तर, हेवाही वाटतो.

प्रश्न उरतो तो देहाचा. परत जायचे ते आत्म्याने, हे आम्हांला समजते. पण मुसलमानाची श्रद्धा हाच देह उठणार अशी आहे. मक्केतील अविश्वासी लोकही हेच विचारीत: कुजून भुगा झालेल्या हाडांना कोण जिवंत करील? ज्याने पहिल्यांदा केले तोच, हे एक उत्तर. दुसरे उत्तर कुराणात पुनःपुन्हा येते आणि ते शेतकऱ्यालाही कळेल असे आहे. भुई मेलेली असते, पाऊस पडतो, ती हलते, फुगते, हिरवी होते. तसेच तुम्ही. प्रत्यक्ष इब्राहिमाने देवाला विनविले, मेलेल्यांना कसे उठवितोस ते दाखव. विश्वास नाही काय, असे देवाने विचारले तेव्हा तो म्हणाला, आहे. पण काळजाला स्वस्थता हवी. मग चार पक्षी घेऊन त्यांचे तुकडे वेगवेगळ्या टेकड्यांवर ठेवण्याची आणि त्यांना हाक मारण्याची आज्ञा त्याला झाली. ते धावत आले. इब्राहिमासारख्यालाही पाहिल्यावाचून स्वस्थता नव्हती, ही गोष्ट धर्मग्रंथाने लपविली नाही, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

दिल्लीत राहणाऱ्याने निजामुद्दीनच्या दर्ग्यात जावे तर गर्दी टाळून जहाँआराची कबर पाहावी. शहाजहानची ही थोरली लेक १६८१ साली वारली. बापाने पत्नीसाठी ताजमहाल उभारला; मुलीने डोक्यावर छप्परही घेतले नाही. संगमरवरी जाळ्यांच्या आत, उघड्या आभाळाखाली, वर पोकळ ठेवलेला दगड. त्यात माती आणि मातीवर गवत. गरिबाच्या कबरीला हिरवळीचे आच्छादन पुरे, अशा आशयाचा फारसी लेख उशाशी आहे. तिचा भाऊ औरंगजेब १७०७ साली भिंगारला वारला आणि खुलदाबादेत तसाच उघड्या मातीखाली गेला. भोवतालची संगमरवरी जाळी पुढे विसाव्या शतकातली. याला लोक विनय म्हणतात. तो असेलही. पण आम्हांला वाटते, जहाँआराने मागितलेले गवत हे आच्छादन कमी आणि दाखला अधिक आहे. दर पावसाळ्यात नव्याने सादर होणारा.

त्याच गवताने नेमके उलटे कामही केले आहे. बहादुरशहा जफरने मेहरौलीला, बख्तियार काकींच्या दर्ग्याशेजारी, वाडवडिलांच्या रांगेत आपली जागा राखून ठेवली होती. ती रिकामीच राहिली. रंगूनला त्याला घाईने पुरून कबरीभोवती बांबूचे कुंपण घातले, आणि कुंपण कुजेपर्यंत गवत वाढून जागा ओळखू येणार नाही अशी तजवीज केली. शंभराहून अधिक वर्षे ती ओळखू आली नाही. १९९१ साली खोदकाम करताना सापडली. आमचे स्नेही ही हकीकत सांगून म्हणत, देवाला पत्ता लागतो, दिल्लीवाल्यांना उशिरा कळले इतकेच.

असो. भाऊ दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्यापाशी एक लहान पिशवी होती आणि पिशवीत कागदाची पुडी. म्हाताऱ्या आईने परसातल्या सब्जाचे बी बांधून दिले होते. कोकणात कबरीवर सब्जा लावतात. माणसाची माती जिथली घेतलेली असते तिथेच त्याला मरण ओढून नेते, असे तो आम्हांलाच समजावीत होता. समजूत कुणाची चालली होती ते कळेना. उन्हाने ढेकळे तापून पांढरी झाली होती. त्याने ती हाताने फोडली, बी पेरले, टाकीवरून पाणी आणून शिंपडले. ते उगवेल असे आम्हांला वाटले नाही. चाळीसाव्याला तो पुन्हा आला तेव्हा दिल्लीत तीन आठवडे पाऊस झालेला होता, आणि आम्ही सोबत गेलो. आजूबाजूच्या कबरींवर गवत माजले होते. या कबरीवर गवतातून वीतभर सब्जा वर आला होता. भावाने एक पान चुरगाळून वास घेतला, आमच्यापुढे हात केला, आणि मग गावी फोन लावून आईला ते सांगितले.