उजवी सीट

शिकाऊ विमानात उजव्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो. प्रवासी विमानात तीच जागा कॅप्टनच्या हाताखालच्या को-पायलटची. एकाच खुर्चीचे हे दोन मान मी दोन्हीकडून भोगले आहेत.

आमचं घर अंधेरीला, चार बंगल्याजवळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, हे वडील कौतुकाने सांगत. आम्हा मुलांना मात्र दुसरी गोष्ट प्रिय होती. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा विमानतळ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि थेट तिच्या पलीकडे गेलं. १९५३ मध्ये एका कॉमेट विमानानेही हाच घोळ घातला होता. आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे उडायला शिकले ते सेस्ना १५२ वर. तिच्या केबिनमध्ये खांद्याला खांदा घासतो. माझे पहिले सर चिडले की त्यांचा खांदा ताठ व्हायचा. क्षितिजाकडे बघायचं सोडून मी त्या खांद्यावरच लक्ष ठेवायचे. शंका विचारायची हिंमत नव्हती. हो सर, हो सर, एवढंच.

दुसरे सर आले. जुहूची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "ती माणसं माझ्यापेक्षा अनुभवी होती गं. मी काही सांगितलं आणि तुला बाहेर वेगळं दिसलं, तर गप्प बसायचं नाही." गोड बोलणारे मुळीच नव्हते, मी रडर विसरले की खरपूस समाचार घ्यायचे. पण उतरल्यावर चहा घेताना आधी विचारायचे, "तुला काय जाणवलं?" आणि मग स्वतःचंही सांगायचे, "मघाशी कंट्रोल मी जरा उशिरा घेतला." इन्स्ट्रक्टरच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवयच नव्हती.

एअरलाइनमध्ये को-पायलट झाले तेव्हा टेनेरीफचा अपघात अभ्यासाला होता. २७ मार्च १९७७, धुकं, धावपट्टीवर दोन ७४७ जंबो, ५८३ मृत्यू. परवानगी नसताना टेकऑफ सुरू करणारे केएलएमचे कॅप्टन हे त्या कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. शेजारी उजवीकडे बसलेल्या को-पायलटची ७४७ ची परीक्षा त्यांनीच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. मागून फ्लाइट इंजिनिअरने, समोरचं विमान अजून हटलं नाही का, असं विचारलं. कॅप्टननी ठामपणे सांगितलं, हटलंय. पुन्हा कुणी विचारलं नाही. धुक्याचा दोष होताच, रेडिओवर एकमेकांत अडकलेल्या संदेशांचाही होता. पण मला त्या अहवालात राहून राहून दिसायचा तो पहिल्या सरांचा ताठ खांदा. को-पायलटने बोलावं म्हणून आता क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचे वर्ग घेतात. चांगलंच आहे, पण तोंड बंद ठेवायची सवय त्याआधी कितीतरी वर्षं, शिकाऊ विमानातच लागलेली असते.

आता मी धुळ्याला उडायला शिकवते. सुरुवातीच्या एखाद्या उड्डाणात मुद्दाम उंची चुकीची सांगते. घाटकोपरची एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, अल्टिमीटर वेगळं दाखवतंय." मुलुंडच्या एका मुलाने मान डोलावली. खाली आल्यावर विचारलं तर म्हणाला, "मला दिसलं होतं, पण तुम्ही सीनियर ना!" त्याला टेनेरीफचा अहवाल वाचायला दिला. पुढच्या उड्डाणात त्याने प्रश्नांची अशी सरबत्ती लावली की शेवटी मलाच म्हणावं लागलं, "अरे बाबा, विचार, पण आधी समोर बघ!"