पोंभुर्णा ते पोंभुर्णा, नदीकाठानं

सोमवार. आलापल्ली, रात्र

पोंभुर्ण्याहून गाडी पाऊण तास उशिरा. गोंडपिपरीत दीड तास बसून. आष्टीच्या चौकात अर्धा तास जागेवरून हललो नाही. तिकिटं 190. चहा तीनदा, 30. केळी 20. तोंडाला बांधायला रुमाल 40. तो आष्टीतच घ्यावा लागला, कारण पुढं खनिजाच्या ट्रकांची रांग आणि धूळ एवढी की दोन सीट पुढं बसलेली बाई दिसेना. कंबर गेली. खोलीतल्या नळाला लाल पाणी.

आष्टीला वैनगंगेवरचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. 26 ऑगस्ट 1982 पासूनचा हा बदल. त्याआधी पोंभुर्ण्यापासून थेट सिरोंचापर्यंत सगळा एकच चंद्रपूर जिल्हा. म्हणजे माझ्या वडिलांच्या वयाच्या सिरोंचाकराला एका दाखल्यासाठी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, यायचं तर आज मी आलो तेवढं, वर उद्याचंही अंतर. बाकी उद्या. डोळे मिटताहेत.

मंगळवार. सिरोंचा

आलापल्ली सोडली तेव्हा सहा वाजले होते. रेपनपल्लीच्या पुढं मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, लहान पोरं त्यांच्या मागं. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली, त्यावर फुलांचा सडा. तेवढी दहा मिनिटं बरी गेली. पुढं पुन्हा खड्डे. जिमलगट्टा, बामणी, खड्डे. गाडीतल्या गप्पा बामणीपर्यंत निम्म्या तेलुगूत गेल्या होत्या. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोठून आले जी?" पोंभुर्णा म्हटल्यावर म्हणाला, "थे तं लय वरतं रायलं." चंद्रपूरकडच्या माणसाला आपण वर राहतो, असं कधी वाटत नाही.

दुपारी प्राणहितेच्या घाटावर गेलो. पाणी कमी, वाळू फार, पलीकडं तेलंगणा. नकाशा पुढ्यात धरला की हे गाव किती अडचणीत बसलंय ते कळतं. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. तीन नद्यांच्या कोंडीत महाराष्ट्राचं हे टोक अडकलंय. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर आणि वारंगळ त्याहून जवळ.

ही रेघ इथं आली कशी, ते कंबर दुखत असली तरी लिहून ठेवतो. 1853 मध्ये नागपूरचे रघुजी भोसले तिसरे वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. पण सिरोंचा तेव्हाही निजामाचं होतं. 1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याची परतफेड 1860 च्या तहात झाली. नळदुर्ग, रायचूर दुआब, शोरापूर निजामाकडं गेलं आणि इंग्रजांनी त्याच्याकडून गोदावरीच्या डाव्या काठाचे सहा तालुके घेतले: राकपल्ली, भद्राचलम, चेर्ला, अल्बाका, नुगूर, सिरोंचा. साग होता म्हणून? असेलही. पण खरी ओढ पाण्याची. धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनच्या डोक्यात वऱ्हाड-चांद्याचा कापूस होडीनं थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचं होतं. जलमार्ग हवा तर एक काठ सलग आपल्या ताब्यात हवा, आणि नदीत निजामाचा जकातवाला नको. सीमा म्हणून आखली गेली ती होड्यांसाठी.

होड्या अडल्या खडकांवर. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेत आपल्या अहेरीजवळ देवलमरी, असे तीन मोठे अडसर. ते कालवे काढून चुकवायचं काम सुरू झालं. तेवढ्यात 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईला निघाला, आणि 1871 मध्ये गोदावरीचं काम गुंडाळलं. मग अप्पर गोदावरी नावाचा अख्खा जिल्हा, ज्याचं ठाणं सिरोंचा, 1874 मध्ये मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रासला, सिरोंचा चांद्याला. जलमार्गावरचं ठाणं व्हायला निघालेलं गाव रस्त्याचं शेवटचं टोक होऊन बसलं. सीमा तेवढी जागेवर राहिली.

खोली 400. डास फुकट.

बुधवार. सिरोंचा

आज कुठंच गेलो नाही. कंबर. दिवसभराची कमाई म्हणजे दुपारचं जेवण, म्हणून तेच लिहितो.

बसस्थानकाच्या मागं एक बाई घरातच खानावळ चालवतात. पाटी नाही. आत चार बाकं. पत्रावळीवर आधी भाताचा ढीग, त्यात खळगा करून पप्पू, म्हणजे आपलं वरण, पण चिंच आणि हिरवी मिरची घातलेलं. बाजूला गोंगुरा, आपल्याकडची अंबाडी, तेलात परतून अगदी लोण्यासारखी केलेली. मग सुक्या झिंग्यांचं कालवण. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं. बाई हसल्या आणि न विचारता ताकाचा गिलास ठेवला. चारू, म्हणजे आंबट सार, वेगळा दिला, तो भातावर घ्यायचा की प्यायचा हे मला कळेना. त्या म्हणाल्या, "दोनी करा गुरुजी, इथं कोणी पायत नाई." मी मास्तर होतो हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. शंभर रुपये, भात पाहिजे तेवढा.

त्यांचं माहेर गोदावरीपलीकडं महादेवपूरजवळ. लग्न होऊन आल्या तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळू तुडवत मधल्या धारेपर्यंत यायचं, धार नावेनं ओलांडायची, पुन्हा वाळू. जून लागला की माहेर बंद. थेट दिवाळीकडं. वडील गेले ते ऑगस्टात. निरोप तिसऱ्या दिवशी आला आणि नदी त्यानंतर बारा दिवस उतरली नाही. हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही, पुढच्या माणसाला भात वाढतच होत्या. "आता ऑटोनं जाते," म्हणाल्या. "सकाळी जाते, रांधायच्या वेळी परत."

गुरुवार. सिरोंचा

असरअल्ली, पातागुडम, इंद्रावतीचा पूल, परत. जीप 160. पलीकडं छत्तीसगड, भोपालपट्टणमचा रस्ता, पुढं बिजापूर, जगदलपूर. पातागुडमला दोनदा ओळखपत्र दाखवलं. ऊन. पाणी संपलं. निजामाबाद ते जगदलपूर हा राष्ट्रीय महामार्ग सिरोंचातून जातो, म्हणजे नकाशावर हे गाव मोठ्या रस्त्यावर आहे. प्राणहिता आणि इंद्रावतीवरचे पूल होईपर्यंत तो महामार्ग दर पावसाळ्यात तुटत होता. कंबर कालच्यापेक्षा बरी.

शुक्रवार. सिरोंचा

गोदावरीच्या पुलावरून कालेश्वरम. देवळात एका पीठावर दोन लिंगं, एक शिवाचं, एक यमाचं. गर्दी बेताची. 2022 च्या एप्रिलात प्राणहितेचं पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, झाला तेव्हा दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता, असं फुलवाला म्हणाला. फुलवाला सिरोंचाचा, दुकान कालेश्वरमला. दोन्हीकडं धंदा करतो, दोन्हीकडं तक्रार करतो.

खालच्या अंगाला मेडीगड्डा धरण. 2016 मध्ये दोन राज्यांचा करार, 2019 मध्ये उद्घाटन, ऑक्टोबर 2023 मध्ये खांब खचले. धरणाचं पाणी तेलंगणाचं आणि फुगवट्यात बुडालेलं रान सिरोंचाचं, ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार मी आज तीन ठिकाणी ऐकली. दीडशे वर्षांपूर्वी होड्यांसाठी, आता उपशासाठी. या नदीवरचा प्रत्येक मोठा बेत दुसऱ्याच गावासाठी असतो.

आज चिडचिड होती, कारण नसताना.

शनिवार. आसिफाबाद

सकाळी प्राणहितेचा पूल ओलांडून चेन्नूर. तिथून मंचेरियालच्या बसमध्ये जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

पुढच्या सीटवर दोघी बहिणी. धाकटी चेन्नूरकडं दिलेली, थोरली सिरोंचात दिलेली. दोघींच्या मांडीवर एकेक पिशवी, दोन्हीत दवाखान्याचे कागद. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. धाकटीचा पत्ता तेलंगणाचा, तिला शून्य रुपयांचं तिकीट, कारण डिसेंबर 2023 पासून तेलंगणातल्या बायकांना बसप्रवास फुकट. थोरलीचा पत्ता महाराष्ट्राचा, तिला पूर्ण तिकीट. ती म्हणाली, आमच्याकडं बायकांना अर्धं असतं. कंडक्टर मराठीतच म्हणाला, "थे तुमच्या गाडीत, अक्का." दोघी एका आईच्या, एकीला शून्य, दुसरीला पूर्ण, आणि मधल्या अर्ध्या तिकिटाची गाडी नदीच्या अलीकडंच राहिलेली. थोरलीनं पैसे दिले. धाकटीनं खिडकीकडची जागा तिला दिली.

मंचेरियालला उतरल्यावर सिरोंचाची माणसं का इकडं येतात ते दिसतं. दवाखाने आहेत आणि स्टेशन आहे. काझीपेट–बल्लारशा लोहमार्ग 1929 च्या सुमारास पुरा झाला आणि तो निजामाच्या बाजूनं गेला. प्राणहितेच्या डाव्या काठाला रूळ आलाच नाही. आजही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा, आणि ते अगदी दुसऱ्या टोकाला.

खर्च लिहायचा कंटाळा.

रविवार. राजुरा, फार उशीर

आसिफाबादहून केरामेरी, तिथून घाटानं वर, महाराजगुडा. जीपवाल्यानं सातशे घेतले, घासाघीस करायचं त्राण नव्हतं.

इथं नदी नाही. डोंगर, ज्वारीची ताटं, कापसाच्या पऱ्हाट्या आणि सीमा. जिवती तालुक्याच्या कडेला अशी 14 गावं आहेत ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात आणि दोन्ही राज्यं शाळा, रेशन, मतदान पुरवतात. 2022 मध्ये अर्ध्या खोल्या महाराष्ट्रात आणि अर्ध्या तेलंगणात असलेलं इथलं एक घर देशभर बातम्यांत गाजलं. त्या घरासमोर फोटो काढणारे दोघे उभे होते, म्हणून मी तिकडं गेलो नाही. गावातल्या दुसऱ्याच एका ओट्यावर बसलो.

ओट्यावरचे आजोबा मूळचे परभणीकडचे. "बाहत्तरच्या दुष्काळात आलो बघा. बैलगाडीनं. हितं जंगल होतं, तोडलं अन् पेरलं." जमीन कुठल्या राज्यात हे तेव्हा विचारलं का? "पोट विचारीत हुतं, राज्य कोण विचारतंय." आता विचारावं लागतं. जमिनीचा पट्टा हातात नाही, म्हणून पीककर्ज नाही. रेशनकार्डं मात्र दोन, मतदार ओळखपत्रं दोन. 2019 ला चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडं 11 एप्रिललाच मतदान होतं, तेव्हा एकच बाजू धरावी लागली. 2024 ला चंद्रपूरचं 19 एप्रिलला आणि आदिलाबादचं 13 मेला. आजोबा एवढंच म्हणाले, "दोन्हीकडचे पुढारी आले, दोघांनीबी पाया पडून घेतलं." मग आत वळून ओरडले, "पावण्याला चहा टाक गं." चहा आला. साखर कुठल्या रेशनची, विचारलं नाही.

हा भाग आपल्या जिल्ह्यात आला तो आणखी वेगळ्या वाटेनं. 1803 च्या देवगावच्या तहानं भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि निजामाला मिळाला. राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात, आधी नांदेडला जोडलं, मग 1959 मध्ये चांद्याला. म्हणून विदर्भात असूनही राजुरा 17 सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करतं. त्या वाटपात डोंगरावरच्या गावांची टोकं नीट कापली गेली नाहीत. कचेऱ्यांनी घातलेला तो घोळ गावं निस्तरताहेत.

सोमवार. पोंभुर्णा, घरी

राजुरा ते बल्लारपूर मध्ये फक्त वर्धा नदी. निजामाच्या काळात या पाण्याच्या पलीकडं त्याचा करोडगिरी म्हणजे जकातीचा नाका आणि त्याचं हाली शिक्का नाणं, अलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया. नाका गेला, शिक्का गेला. पण मोठ्या पुरात हा पूल पाण्याखाली जातो आणि राजुरा अजूनही काही दिवस तुटतं.

बल्लारपूरहून गाडी वेळेवर मिळाली, हे मुद्दाम नोंदवतो. घरी अंघोळीचं पहिलं पाणी तांबडं निघालं. बायकोनं विचारलं, काय आणलं? गोंगुऱ्याचं लोणचं आणलं.

एवढं फिरून माझं मत झालं ते सांगतो. नदीवर सीमा आखणं इंग्रज साहेबाला सोपं होतं, खांब रोवायला नकोत. त्यापायी दीडशे वर्षं प्रत्येक रस्ता काठाशी येऊन थांबला, आणि सिरोंचासारखी गावं ज्या बाजारांची होती त्यांच्यापासून तुटली. गेल्या दहा-बारा वर्षांत पूल झाले, त्यानं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सिमेंटचं नाही. नदीपलीकडच्या बहिणीला बसमध्ये तीच सवलत, सीमेवरच्या रुग्णाला दोन्हीकडच्या दवाखान्यात तीच योजना आणि त्या 14 गावांतल्या शेतकऱ्याला एक, फक्त एक, सातबारा. हे दोन राज्यांचे अधिकारी एका टेबलाला बसून करू शकतात, त्याला नवा तह लागत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाच्या आधी जा. आधार कार्ड ठेवा, रुमाल आष्टीच्या आधीच घ्या, आणि सिरोंचात बसस्थानकाच्या मागं जेवा.