उघडी जखम

सुरतच्या एका पारशी आजींची चाळीस वर्षं नवसारीकडच्या चिकूच्या वाडीत, उन्हातान्हात गेली. गालावरचा तपकिरी डाग त्यांना वयाचा वाटत होता. मला त्याची वेडीवाकडी कड खटकली. रंगही कुठे चहासारखा, कुठे शाईसारखा. बायोप्सीत निघाला लेंटिगो मॅलिग्ना. मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगाची ही पहिली पायरी. रोग अजून कातडीच्या वरच्या थरातच असतो. पुरता काढला तर माणूस बरा होतो. सगळं त्या ‘पुरता’वर आहे.

भुलीचं इंजेक्शन देण्याआधी मी रेघ आखतो. औषध आत गेलं की कातडी फुगते, पांढरी पडते आणि कड हरवते. डागाभोवतीची अर्धा ते एक सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडीही घ्यायची, कारण रोग न दिसता पुढे सरकलेला असतो. काढलेल्या तुकड्याला घड्याळातल्या बाराच्या जागी दोरा बांधतो, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला वरची बाजू कळते. त्यांचं काम माझ्याहून अवघड. उन्हाने जुन्या झालेल्या कातडीत रंगपेशी मुळातच वाढलेल्या असतात. त्यांतून रोगी पेशी ओळखायच्या. तुकडा गोठवून घाईने पाहिला तर फसगत होते. मेणात बसवून कापलेल्या चकत्यांना दिवस लागतात.

तोवर जखम उघडी, वर फक्त ड्रेसिंग. “दीकरा, टांका क्यारे लेवाना?” आजी रोज विचारत. उमेदीच्या काळात एका रुग्णाची जखम मी त्याच दिवशी शेजारची कातडी फिरवून बंद केली होती. खालच्या कडेला रोग उरल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा ती कड नेमकी कुठे गेली हे मलाच सांगता येईना. ती चूक मी विसरलेलो नाही.

अशा दिवसांत मला कावसजी आठवतो. नाव पारशी वाटलं तरी तो मराठा गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्या कारागिराने कापण्याआधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवला, कपाळावर पसरला आणि त्याभोवती रेघ ओढली. मापाआधी सुरी नाही.

आजींच्या रिपोर्टात नाकाकडच्या बाजूला रोग उरला होता. तेवढीच पट्टी पुन्हा काढली, पुन्हा थांबलो. दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला. मग टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद जखमेएवढा कापला, कानापुढच्या सैल कातडीवर ठेवला आणि रेघ आखली.